शुक्रवारी मारलेला सोमवार

मित्रांनो, मी तारखेचा शिक्का आहे. मला जुना म्हणालात तरी माझी हरकत नाही. माझ्या मुठीवरचा काळा रंग कधीच गेला, आणि रबराला बारीक भेगा पडल्या आहेत. मला आयुष्यभर एकच वाक्य बोलता आले: हा कागद अमुक तारखेला आमच्याकडे दाखल झाला. पण ते एक वाक्य मी उमटवले, की मोठमोठे न्यायाधीश मान डोलावत. माणसे शंभर वाक्ये बोलत, रडून बोलत, तरी त्यांना तेवढा मान मिळत नसे. याचा मला पूर्वी फार गर्व होता. तो कसा गेला, ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी सांगाडा, लाकडी मूठ आणि पोटात चार रबरी पट्टे. एकावर महिने, दोनांवर तारखेचे आकडे, एकावर वर्षे. बाजूला दातेरी चाके असतात, ती बोटाने फिरवली की पट्टा सरकतो. वर्षांचा पट्टा बारा वर्षांत संपतो, मग नवा घालतात. माझ्यात असे तीन पट्टे घातले गेले. त्यावरून माझे वय तुम्हीच काढा.

कारखान्यातून मी नदीकाठच्या एका शहरात आलो. तिथल्या केंद्र सरकारच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर अपील कोर्ट होते. शहराचे नाव सांगत नाही, कारण तिथली काही माणसे अजून नोकरीत आहेत. खालच्या कोर्टात हरलेला माणूस शेवटची आशा घेऊन या कोर्टात येतो. कुणाची नोकरी गेलेली, कुणाला वीस वर्षांची कैद झालेली. दिवाणी असो की फौजदारी, सगळ्यांना दार एकच आणि त्या दारात मी. कोण खरे, कोण खोटे, हे न्यायाधीश मागाहून पाहत. आधी पाहत माझी तारीख. मुदतीत आला असेल तर आत, नाही तर आल्या पावली परत.

माझी मूठ एकतीस वर्षे ज्यांच्या हातात होती, त्या व्हर्डेल टिब्स. त्यांचे लग्न झाले, नातवंडे झाली, नवरा वारला, तरी सगळे त्यांना मिस व्हर्डेलच म्हणत. सकाळी आल्या की त्या कोट काढत, चष्मा पुसत आणि कॉफीलाही हात लावण्याआधी मला उचलत. चाक फिरवत. भिंतीवर गावातल्या अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानाने फुकट दिलेले कॅलेंडर होते, त्याच्याशी तारीख ताडून बघत. मग काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याची एक वही उघडून तिच्यात माझा एक ठसा उमटवत, शेजारी वेळ लिहीत आणि सही करत. अशा चौदा वह्या भरल्या होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. कुठल्या नियमात लिहिलेल्याही नव्हत्या. ती त्यांची रीत होती.

शेजारच्या खुर्चीवर ऑरिन हॅस्केट बसे. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बडबड्या माणूस. तो रोज चिडवायचा, "मिस व्हर्डेल, आज चुकून कालचीच तारीख निघाली तर काय कराल हो?"

"ऑरिन बाळा, तुझ्या टायवर कालची मोहरीची चटणी वाळलीय. आधी तिची तारीख बघ."

ऑरिन वाईट नव्हता. फक्त त्याचे हात आणि त्याचे डोळे कधी एका जागी नसत. कागदावर मला आपटताना तो फुटबॉलबद्दल बोलत असे, मासे कुठे चांगले तळतात याबद्दल बोलत असे. कागद वाचणे आपले काम नाही, ते वरच्या साहेबांचे, असे त्याचे सरळ मत होते.

पुढे संगणक आले. वकील घरबसल्या कागद पाठवू लागले, आणि त्यांची तारीख यंत्रच टाकू लागले. मला वाटले, आता मला अडगळीत टाकतील. पण नाही. ज्यांना वकील मिळाला नव्हता, ते कागद घेऊन अजून मेजापाशीच येत. तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेली पत्रे येत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेले अर्ज येत, त्यांना कधी तुपकट डागही असे. त्या लोकांसाठी मी उरलो. म्हणजे बघा, ज्यांची चूक झाली तर सावरणारे कुणीच नाही, त्यांच्यासाठी नेमका मी.

त्या वर्षी मार्चच्या सहा तारखेला शुक्रवार होता.

मिस व्हर्डेल यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. सोमवारी ऑपरेशन होते, आणि आदल्या शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरने तपासायला बोलावले होते. मेज पाच वाजता बंद होई. त्यांना साडेचारच्या आत निघणे भाग होते. पर्स खांद्याला लावून त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत थांबल्या. सोमवारी आपण नाही. सोमवारी हा ऑरिन चाक फिरवायला विसरणार, आणि सगळा दिवस कागदांवर शुक्रवार पडणार. हे त्यांच्या मनात आलेले मला त्यांच्या बोटांतून कळले. त्यांनी मला उचलले, चाक फिरवून सहाची नऊ तारीख केली, वहीत ठसा उमटवला आणि लिहिले: ४:२५, सोमवारसाठी. व्ही. टी.

"ऑरिन, तारीख सोमवारची लावून ठेवलीय. आता कुणी आलं तर शिक्का मारू नकोस, हातानं तारीख लिही. ऐकलंस का?"

"ऐकलं, ऐकलं. जा तुम्ही. डॉक्टर देखणा असला तर सोमवारी पट्टी काढून एकदा नीट बघा."

"गप रे!" असे म्हणून त्या हसत गेल्या.

मित्रांनो, ही चूक निष्काळजी माणसाच्या हातून झाली नाही. ती काळजीतून झाली. म्हणून तर ती मला अजून बोचते.

पाचला वीस मिनिटे कमी असताना एक बाई आली. अंगावर मोटेलच्या धुलाईखान्यातला निळा गणवेश, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत दोन कागद. तिचे नाव ओडेसा प्रुइट. तिचा बावीस वर्षांचा मुलगा डेल्विन गाडीच्या एका साध्या खटल्याच्या तारखेला हजर राहिला नव्हता, म्हणून त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात ठेवले होते. त्याला मधुमेह होता. तिसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. बाहेरच्या बोळात कॅमेरा होता, आणि त्यात आवाजही येत होता. तिने जिल्हा प्रशासनावर दावा लावला; प्रशासनाने ते चित्रण तिला कधी दाखवले नाही, आणि खालच्या कोर्टाने ते न मागवताच तिचा दावा काढून टाकला. अपील करायला तीस दिवस होते. तो शुक्रवार तिसावा दिवस.

"बाई, हा अपिलाचा कागद आधी खालच्या कोर्टात द्यायचा. दुसऱ्या मजल्यावर," ऑरिन म्हणाला.

ओडेसाचा चेहरा पडला. "कागदावर अपील लिहिलंय, तुमच्या दारावर अपील लिहिलंय. मला वाटलं इथंच. आता खाली जाईपर्यंत बंद होईल का हो? आज शेवटचा दिवस आहे. मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारलीय."

"अहो, घाबरू नका. असे चुकून बरेच जण येतात. आम्ही आमचा शिक्का मारतो आणि खाली पाठवतो. आमच्याकडे आलात तीच तारीख धरतात. तसा नियमच आहे."

"मला बाकी काही नको साहेब. फक्त तो कॅमेरा बघायचाय. माझ्या पोरानं हाक मारली तेव्हा कोण उठलं नाही, ते."

ऑरिनने खरेच मान हलवली. त्याला वाईट वाटले. आणि वाईट वाटता वाटताच त्याने मला उचलले, एका कागदावर आपटले, दुसऱ्यावर आपटले. नजर घड्याळाकडे होती.

मार्च ९. मार्च ९.

ओडेसाने आपल्या प्रतीवर फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद पिशवीत ठेवला. तारीख तिने पाहिली नाही. कोर्टाच्या शिक्क्याची तारीख कोण तपासून बघतो? शिक्का म्हणजेच तपासलेले, असे लोक समजतात. मीही तसेच समजत होतो.

उन्हाळ्यात जिल्ह्याच्या वकिलाला ती तारीख दिसली. त्याने लिहिले, बाई तीन दिवस उशिरा आली, तीस दिवस शुक्रवारी संपले. ओडेसाने हाताने लिहून तीन पत्रे पाठवली; ऑरिनने ती न वाचताच आत पाठवली. मी शुक्रवारीच आले होते. मेजावर गोल चेहऱ्याचे गृहस्थ होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. ऑरिनला आत बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, दिवसाला साठ माणसे येतात, कोण कधी आले ते कसे आठवणार? आणि त्याला खरेच आठवत नव्हते.

पंचवीस सप्टेंबरला, शुक्रवारीच, निकाल लागला. दोन परिच्छेदांचा. न्यायाधीशांनी लिहिले की आईच्या दुःखाविषयी आम्हाला सहानुभूती आहे, परंतु मुदत ओलांडल्यावर खटला ऐकण्याचा अधिकारच आम्हाला उरत नाही, आणि तारखेबाबत कार्यालयाचा शिक्का स्पष्ट आहे. म्हणजे मी. बाईची तीन पत्रे एका बाजूला आणि माझा एक ठसा दुसऱ्या बाजूला. जड मीच ठरलो.

वकील नसलेल्यांना निकाल पोस्टाने पाठवायचे काम मिस व्हर्डेल यांचे. पत्ता नीट आहे ना, म्हणून त्या पहिले पान वाचत. हे पान वाचता वाचता त्या थांबल्या. सहा मार्च, शुक्रवार. नऊ मार्च, सोमवार. रिकामी खुर्ची. त्यांनी खणातून वही काढली आणि ते पान उघडले. मग जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन पहारेकऱ्यांच्या नोंदवहीत पाहिले. ओडेसा प्रुइट, सहा मार्च, चार वाजून पस्तीस मिनिटे. स्वतःच्या हाताने केलेली सही.

वर येऊन त्या ऑरिनपुढे वही धरून उभ्या राहिल्या. त्याने ठशावर बोट ठेवून शेजारची वेळ वाचली.

"मिस व्हर्डेल, तुमच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिलेत."

"तिनं तीनदा लिहिलं, ऑरिन. तीनदा."

"निकाल झालाय. तीन न्यायाधीशांच्या सह्या झाल्यात. आता आपण तोंड उघडलं तर माझी नोकरी जाईल आणि तुमचा निरोपाचा केक जाईल."

"केकचं काय घेऊन बसलास?"

"मग जा ना. आत निबंधक साहेब बसलेत. मी धरून ठेवलंय का तुम्हाला?"

त्या गेल्या नाहीत. निकालाचे पाकीट चिकटवले, तिकीट लावले आणि टपालात टाकले.

त्यानंतर त्यांचे चोवीस कामाचे दिवस उरले होते. मी मोजले, मला दुसरे येते काय? रोज सकाळी वही पर्समधून बाहेर यायची आणि संध्याकाळी पर्समध्ये परत जायची. निबंधकांच्या दारापर्यंत त्या दोनदा गेल्या. एकदा आत कुणी बसले होते. एकदा ते एकटेच होते.

तीस ऑक्टोबरला निरोपसमारंभ झाला. मोठा चौकोनी केक, लाल सरबत, भिंतीला कागदी पताका. मला आदल्या दिवशीच नेऊन अक्रोडाच्या फळीवर बसवले होते आणि खाली पितळी पाटी लावली होती: एकतीस वर्षे, एकही तारीख चुकली नाही. निबंधक साहेबांनी ती मोठ्याने वाचली. टाळ्या झाल्या. ओडेसाचा निकाल लिहिणारे न्यायाधीशही आले होते. त्यांनी केकचा कोपरा मागून घेतला, कारण कोपऱ्याला साखर जास्त असते. ऑरिन आपल्या बशीत बघत उभा होता. मिस व्हर्डेल मला हातात घेऊन म्हणाल्या, "या पाटीवर जे लिहिलंय..." सगळे वळून बघू लागले. मग त्या म्हणाल्या, "फार सुंदर अक्षर आहे. आभारी आहे."

मित्रांनो, कौतुकाने मन भरून येते म्हणतात. माझे त्या दिवशी जितके कौतुक झाले तितके कधी झाले नव्हते, आणि त्या फळीवरून मला उडी मारावीशी वाटत होती.

घरी त्यांनी मला टीव्हीच्या शेजारी ठेवले. शनिवारी त्यांनी माझ्याकडे पाठ करून कपड्यांना इस्त्री केली. रविवारी चर्चमधून आल्या, डोक्यावरची टोपीही न काढता माझ्यासमोर बसल्या आणि पाटी वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग स्वयंपाकघरातून पेचकस आणला आणि मला फळीपासून सोडवले.

सोमवारी सकाळी त्या मला आणि वहीला पर्समध्ये घालून कोर्टात आल्या. दारातला पहारेकरी हसला. "काय मिस व्हर्डेल, दोन दिवसही करमलं नाही?"

"करमलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

निबंधकांनी वहीचे पान वाचले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"निकाल आला त्या दिवशी."

"पाच आठवडे झाले, व्हर्डेल! इतके दिवस का नाही बोललात?"

"निरोपाला तुम्ही पाटीवर असंच काहीतरी कोराल, ते मला हवं होतं म्हणून."

ते उठले. वही घेऊन न्यायाधीशांकडे गेले. ऑरिनला बोलावले तेव्हा तोही आला, आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "शिक्का मीच मारला. त्यांनी मारू नकोस असं सांगितलं होतं." एवढे मात्र त्याच्या बाजूला लिहून ठेवायला हवे.

नऊ दिवसांनी अर्ध्या पानाचा आदेश निघाला. कार्यालयाच्या चुकीमुळे आधीचा निकाल मागे घेण्यात येत आहे, अपील मुदतीत होते, जिल्ह्याने सदर चित्रण जपून ठेवावे. आम्हाला वाटले, सावरले.

आठवड्याने जिल्ह्याच्या वकिलाचे पत्र आले. अपील फेटाळल्याचा निकाल कायम झाल्यावर प्रकरण संपले असे धरून, नेहमीच्या रीतीप्रमाणे ते चित्रण पुसण्यात आले होते. पुसल्याची तारीख एकोणीस ऑक्टोबर.

मिस व्हर्डेल कोर्टात आल्या होत्या दोन नोव्हेंबरला. कागदावर ओडेसा तीन दिवस उशिरा आली होती, आणि तेही खोटे होते. मिस व्हर्डेल चौदा दिवस उशिरा आल्या, ते खरे होते. ओडेसाला परत पाठवले गेले. मिस व्हर्डेल यांना मात्र, सगळे ऐकून घेतल्यावर, खुर्ची आणि कॉफी मिळाली.

डिसेंबरात एका दुपारी मिस व्हर्डेल मला घेऊन ओडेसाच्या घरी गेल्या. हातात स्वतः भाजलेला केक होता. ओडेसा दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"मी व्हर्डेल टिब्स. त्या दिवशी तारीख मी फिरवली होती."

"कोर्टाचं पत्र आलं मला. त्यात नाव नव्हतं कुणाचं. नुसतं कार्यालय."

"कार्यालय म्हणजे मीच. आणि कळल्यावरही गप्प बसले, तीही मीच."

मिस व्हर्डेल यांनी मला बाहेर काढले. चाक फिरवून मार्च ६ लावले. पहिल्यांदा आकडा पुढे गेला, म्हणून दोनदा फिरवावे लागले. "तुमच्या प्रतीवर खरी तारीख मारून देते. त्याचा आता उपयोग नाही, ठाऊक आहे मला. पण..."

"नको," ओडेसा म्हणाली. "त्या दिवशी हवी होती."

मग तिने हात पुढे केला. मिस व्हर्डेल यांनी मला तिच्या तळव्यावर ठेवले. तिने मला उलटे करून रबराचे आकडे पाहिले, वजन पाहिले. "एवढ्याशा याच्यावर विश्वास ठेवला त्यांनी," ती म्हणाली. "ठेवून जा हा माझ्याकडे. केक न्या."

तेव्हापासून मी ओडेसाच्या घरी आहे. खटला चालूच आहे. तुरुंगातले पहारेकरी एकेक करून साक्षीला येतात आणि आपल्याला आठवत नाही म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडायला आता काही नाही. ओडेसा कामावरून आली की कागद काढते, वाचते, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर मला ठेवते. माझ्या पोटात मार्च ६ आहे. मी आता ओडेसाची खरी तारीख बोलतो आहे, पण ती उमटवायला खाली शाई नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी एखाद्या मेजामागे बसेल, आणि माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती येईल. कागदावर आपटण्याआधी त्याच्या पोटातली तारीख एकदा बघा, आणि समोरच्या माणसाकडेही बघा. चुका होतील, काळजी घेणाऱ्यांच्याही होतात. पण कळेल त्या दिवशी सांगा. केक कापायच्या आधी सांगा. आणि कुणी तीनदा लिहून कळवले, की मी शुक्रवारीच आले होते, तर मला विचारू नका. माझे चाक ज्याने फिरवले, त्याला जाऊन विचारा.